परक्यांना म्हणायचा शब्द

३ डिसेंबर २०२४, मंगळवार

झोप लागत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, गोळी नको, रोज चार ओळी लिहीत जा. आपल्याकडचा फॅमिली डॉक्टर निदान एक सुई तरी टोचतो. इथे वही मिळाली. तर लिहितो.

वय एकोणपन्नास. मूळ ठाण्याचा, आता नेदरलँड्समधलं झूटरमेर. नोकरी कापेल आन डेन आयसेलला, बंदरातल्या कंटेनरांचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर. टीममध्ये अकरा माणसं आणि त्यांच्या डोक्यावर मी. एवढा बायोडेटा पुरे. खरं कारण बाईंना सांगितलं नाही. इथे लिहायला हरकत नाही, कारण बायकोला, मृदुलाला, माझं अक्षर लागत नाही आणि लेकीला, सुरुचीला, देवनागरी.

यतीन आणि ब्राम, दोघांची वर्षाची कंत्राटं जानेवारीअखेर संपतायत. जागा एकच. कोणाला ठेवायचं ते मी लिहून द्यायचंय, सोमवारपर्यंत.

खरं तर यात विचार करण्यासारखं काही नाही. यतीन कामाला ब्रामच्या दुप्पट आहे. ब्रामला विचारलं तर तोही हेच सांगेल. आणि यतीनला पुण्याहून आणला मीच. हिंजवडीत छान चाललं होतं त्याचं. मी तीनदा फोन करून मागे लागलो, "ये रे, इकडे आयुष्य आहे." बायको चारुता, पाच वर्षांची भार्गवी, सगळं बिऱ्हाड उचलून आला बिचारा. मग झोप का उडावी?

९ डिसेंबर, सोमवार

ब्रामचं नाव दिलं.

१० डिसेंबर, मंगळवार

कारण लिहून ठेवतो, नाहीतर उद्या माझं मलाच पटणार नाही.

गेल्या महिन्यात कँटीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "राजन्स फॅमिली बिझनेस." सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच. टीममध्ये तिघं भारतीय, त्यातला यतीन मराठी, आणि तो मला एकटाच 'सर' म्हणतो. बाकी सगळे नुसतं राजन. उद्या मी यतीनला ठेवला तर लोक काय म्हणणार? आपल्या माणसाला झुकतं माप दिलं. आयुष्यभर मी हे होऊ दिलेलं नाही. उलट आपला असला की मी त्याला दोन मार्क कमीच देतो. त्यात गैर काय? आपला माणूस समजून घेतो. ब्रामला काढलं असतं तर तो वकिलाकडे गेला असता.

फॉर्ममध्ये कारण भरावं लागतं. कामात खोट काढायला जागाच नव्हती. मग लिहिलं, मीटिंगमध्ये बोलत नाही, पुढाकार नाही, संवादात कमी पडतो. यात खोटं एक अक्षर नाही. तो बोलत नाहीच. पहिल्या आठवड्यात मीच त्याला कोपऱ्यात घेऊन बजावलं होतं, "पहिलं वर्ष तोंड बंद ठेव. नुसतं ऐक. आपली माणसं आल्या आल्या बडबडतात आणि हसं करून घेतात." त्याने माझं ऐकलं.

१९ डिसेंबर, गुरुवार

आज सांगितलं. आधी एचआरच्या आनेलीसने माझी शिकवणी घेतली. म्हणाली, "राजन, एक लक्षात ठेव. सॉरी हा शब्द वापरायचा नाही. चूक कबूल केल्यासारखं होतं. 'तुझ्यासाठी हे कठीण आहे याची मला कल्पना आहे,' एवढंच म्हण." मला हायसं वाटलं. कंपनीनेच मनाई केली म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

यतीनने सगळं ऐकून घेतलं. आनेलीस बाहेर गेल्यावर मराठीत विचारलं, "सर, माझं काही चुकलं का?"

"छे रे. बजेट. वरून आलंय सगळं. माझ्या हातात काही असतं तर..."

"नाही नाही सर, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता," तो म्हणाला. वर मलाच पाणी आणून दिलं. मी प्यायलो.

नोकरी सुटल्यावर इथे राहायला तीन महिने मिळतात. तेवढ्यात दुसरी शोधायची, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं. ३० एप्रिलपर्यंत वेळ आहे. मिळेल. त्याच्यासारख्याला न मिळायला काय झालं?

१२ जानेवारी २०२५, रविवार

सुरुचीला शाळेत इंग्रजीचा प्रकल्प आहे. रोजच्या वापरातला एक शब्द घ्यायचा; त्याचे अर्थ, त्याचं मूळ, घरात आणि बाहेर तो कसा वापरतात, सगळं शोधून लिहायचं. पंधरा वर्षांची पोर, आम्ही मराठीत विचारतो, ती डचमध्ये उत्तर देते, आणि प्रकल्पासाठी बरोबर बाबा आठवतो. कुठला शब्द घेतलास म्हणून विचारलं तर म्हणे, "सॉरी."

मी म्हटलं, "दुसरा नाही मिळाला?"

"इट्स ईझी, बाबा. ट्राममध्ये सगळे दिवसभर तेच म्हणतात. डचमध्ये पण सॉरी, मराठीत पण सॉरी."

दुपारभर दोघं बसलो. खूप दिवसांनी माझ्याशी एवढा वेळ बोलली. मजा म्हणजे, हा शब्द निघाला 'सोअर'च्या घरातला, म्हणजे ठणका, दुखणं. डचमध्ये 'झेअर' म्हणजे तेच. इथली पोरं पडली की ओरडतात ना, झेअर झेअर! तो आणि हा सख्खे. 'सॉरो' म्हणजे दुःख, तो मात्र नुसता दिसायला सारखा, नात्यातला नाही. हजारेक वर्षांपूर्वी सॉरी म्हणजे ज्याला दुखतंय तो. ज्याने दुखवलं तो नव्हे! म्हणजे शब्द आधी मार खाणाऱ्याचा होता, आणि हळूहळू मारणाऱ्याने पळवला. हे मी सुरुचीला सांगितलं, तर तिने "ओह, कूल" म्हणून लिहून घेतलं.

१९ जानेवारी, रविवार

प्रकल्पाचा मराठी भाग माझ्याकडे. डोकं लावून बसलो.

आपल्याकडे हा शब्द नाहीच. म्हणजे आहेत ढीगभर, पण तोंडात बसत नाहीत. 'क्षमस्व' फक्त पाटीवर, रस्ता खणला की. 'दिलगीर' सरकारी पत्रात. गंमत अशी की फारसीत दिलगीर म्हणजेही आधी नुसता दुःखी. म्हणजे तिकडेही तीच चोरी. 'माफ करा' आपण भिकाऱ्याला म्हणतो, माफ करा बाबा, पुढे जा. राहता राहिलं 'चुकलं'. चुकलं म्हणजे काय, गणित चुकतं, रस्ता चुकतो, कोणी चुकवलं ते सांगायची गरजच नाही. 'माझं चुकलं' म्हणायला आपली जीभ वळत नाही. आमच्या अण्णांनी जन्मात एकदाही म्हटलं नाही. मला विनाकारण बदडलं की संध्याकाळी जिलबी आणायचे. जिलबी दिसली की आम्ही समजायचो, झालं.

हे सगळं सुरुचीला सांगितलं. तिने विचारलं, "आणि तू?"

"मी काय?"

"तू जिलबी पण नाही आणत."

कार्टी. मृदुला स्वयंपाकघरात हसली.

२ फेब्रुवारी, रविवार

परवा यतीनचा शेवटचा दिवस झाला. केक कापला. ब्रामच्या डोळ्यांत पाणी. माझं भाषण उत्तम झालं असं सगळे म्हणाले.

सुरुचीचा पराक्रम. तिने आठवडाभर माझ्या सॉरींची नोंद ठेवली म्हणे. आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये ट्रॉली लागली तेव्हा, सायकलवाल्याला, फोनवरच्या गॅस कंपनीच्या माणसाला, एका कुत्र्याला. एकूण एकतीस. घरात शून्य. ओळखीच्या माणसाला शून्य. खाली लिहिलंय, "माय फादर सेज इट ओन्ली टु स्ट्रेंजर्स."

मी म्हटलं, "घरच्यांत कशाला लागतो हा शब्द? आपल्या माणसांत आभार नसतात आणि सॉरीही नसतं. हे आपलं कल्चर आहे, लिही तसं."

मृदुला म्हणाली, "नको लिहूस गं. ते कल्चर नाही, तो तुझा बाबा आहे."

इतका राग आला. ताटावरून उठलो. नंतर भूक लागली, पण जाणार कसा?

२२ फेब्रुवारी, शनिवार

यतीन, चारुता आणि भार्गवी जेवायला आले होते. मृदुलाने मसालेभात केला होता. आजवर सोळा अर्ज, चार मुलाखती, हाती काही नाही. माणूस वाळलाय. पण बोलायला मात्र सुटलाय! आल्यापासून एकटाच बोलत होता. म्हणाला, "सर, आता मुलाखतीत मी खूप बोलतो. न विचारता बोलतो. तोंड बंद ठेवलं की लोकांना वाटतं, ह्याला संवाद जमत नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "अनुभवाने माणूस शिकतो."

"हो सर," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला. चारुता भार्गवीला भरवत होती, तिने मान वर केली नाही. ती जेवलीही नाही नीट, दोन घास. ॲसिडिटी असेल, ताण आहे घरात. एकूण यतीनचा आत्मविश्वास वाढलाय, हे चांगलं लक्षण.

जाताना त्यांच्याबरोबर पार्किंगपर्यंत गेलो. आज सांगून टाकू असं ठरवलं होतं. दिवसभर वाक्य घोळवत होतो, "यतीन, ते मी केलं. माझं चुकलं." एवढंच. गाडीपाशी पोचलो आणि तोंडातून निघालं, "टायरमध्ये हवा कमी दिसतेय रे." तोही वाकून बघायला लागला. हवा चांगली होती.

१६ मार्च, रविवार

आइंडहोव्हनला एका चिप मशीनवाल्या कंपनीत तिसऱ्या फेरीपर्यंत जाऊन यतीन परत आला. त्यांना आधीच्या मॅनेजरचं मत हवं होतं, मी फोनवर तोंड फाटेस्तोवर कौतुक केलं. मग त्यांनी विचारलं, "एवढा चांगला तर सोडला का?" मी म्हटलं, बजेट. ते म्हणाले, "पण त्याच कामाची तुमची जाहिरात दिसतेय." खरं आहे. ब्रामला वरची जागा मिळाली, त्याची जुनी रिकामी झाली. यतीनला तिथे परत घेता आला असता. मी विचारलंही, आनेलीस म्हणाली, "तूच लिहिलंयस ना त्याच्याबद्दल? ते फाइलमध्ये आहे. आता उलटं कसं लिहिणार?" मी म्हणू शकलो असतो, खोटं लिहिलं होतं. म्हटलं नाही. म्हटलं असतं तर माझी नोकरी गेली असती कदाचित. कदाचित गेली नसतीही.

मी नालायक माणूस आहे. लिहिलं एकदाचं. बरं वाटेल असं वाटलं होतं.

२३ मार्च, रविवार

सुरुचीला प्रकल्पात दहापैकी साडेआठ मिळाले. इथे साडेआठ म्हणजे पुष्कळ. बाईंनी मराठीच्या भागाचं खास कौतुक केलंय, वडिलांचे आभार माना असं लिहिलंय. मी आता या शब्दाचा तज्ज्ञ आहे. 'सॉरी साइट' म्हणजे केविलवाणं दृश्य, हा अर्थ मधल्या काळात आला. मयताला गेलं की सॉरी, शिंकलं तरी सॉरी, ऐकू आलं नाही तरी सॉरी. भांडायच्या आधीसुद्धा, 'सॉरी, पण...' सगळं मला पाठ आहे. महिना झाला मी यतीनला फोन केलेला नाही.

५ एप्रिल, शनिवार

पाडव्याला मृदुलाने यतीनकडे डबा भरून श्रीखंड पोचवलं होतं. आज चारुता मेट्रो स्टेशनवर भेटून डबा देऊन गेली, घरी यायला वेळ नव्हता म्हणे. मृदुलाने ओट्यावर ठेवून झाकण उघडलं. आत काही नव्हतं. घासून, पुसून लख्ख केलेला डबा.

मी म्हटलं, "बघ, किती स्वच्छ ठेवते."

मृदुला म्हणाली, "चारुता रिकामा डबा देत नाही कधी. दोन साखरेचे दाणे तरी घालते. आपल्यात कोण देतं रिकामा?"

"घाईत असेल."

तिने झाकण परत लावलं. मग म्हणाली, "राजन, तू काही केलंयस का?"

"मी काय करणार?"

"मी विचारतेय."

"नाही," मी म्हटलं. तेवीस वर्षांच्या संसारात हिच्याशी इतकं सरळ खोटं पहिल्यांदाच बोललो असेन. तिने डबा मांडणीवर ठेवला आणि बाहेर गेली. तेव्हापासून गरजेपुरतं बोलते.

२८ एप्रिल, सोमवार

उद्या त्यांचं विमान. संध्याकाळी निरोप द्यायला कापेलला गेलो. घर मोकळं झालेलं, भिंतीपाशी सहा बॅगा, मधे भार्गवी डचमध्ये बाहुलीला रागवत होती. पुण्याच्या शाळेत तिचं कसं होणार कोण जाणे. यतीनलाही तिकडे अजून काही मिळालेलं नाही. तूर्त सासऱ्यांकडे राहणार.

मी ठरवून गेलो होतो. वाटेत मोठ्याने तीनदा म्हटलं होतं. मृदुला शेजारी बसलेली असताना म्हटलं नाही, पेट्रोल भरायला उतरलो तेव्हा म्हटलं. चारुताने चहा दिला. मृदुला तिला मदत करायला आत गेली. आम्ही दोघंच राहिलो.

यतीन म्हणाला, "सर, तुम्हाला काही सांगायचंय का?"

देवाशपथ, असंच विचारलं त्याने. माझा चेहरा बघून विचारलं असेल. खुर्ची नव्हती म्हणून बॅगेवर बसला होता, पुढे वाकून, हात गुडघ्यांवर. मी म्हटलं, "तब्येतीला जप. वजन उतरलंय तुझं."

"हो सर," तो म्हणाला.

निघताना त्याने वाकून नमस्कार केला. अगदी पायांना हात लावून. इथे अकरा वर्षांत माझ्या पाया कोणी पडलं नव्हतं, मी मागे सरकलो, तरी त्याने केला. भार्गवीलाही करायला लावला. चारुता दारातच उभी राहिली, म्हणाली, "माझी पाठ धरलीये." सहा बॅगा भरायच्या म्हणजे धरणारच. मी यतीनच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "यशस्वी भव."

होय, मी आशीर्वाद दिला. माझं तोंड उघडलं ते त्यासाठी.

त्याला काही माहीत नाही, एवढंच त्यातल्या त्यात बरं. मनात माझ्याबद्दल चांगलं घेऊन गेला. आता सांगून त्याचं तेवढंही कशाला हिरावून घ्यायचं?

१६ मे, शुक्रवार

आज आनेलीस दुसऱ्याच कामासाठी आली होती. जुन्या फाइली बंद करतेय. जाता जाता म्हणाली, "अरे हो, यतीनने त्याची फाइल मागितली होती, तुला कळवायचं राहिलं. हक्कच असतो त्यांचा. मी पूर्ण पाठवली."

"कधी?"

तिने लॅपटॉपमध्ये बघितलं. "बारा फेब्रुवारी."

"माझा फॉर्मसुद्धा?"

"पूर्ण म्हणजे पूर्ण."

बारा फेब्रुवारी. मसालेभात बावीसला होता.

म्हणजे माझ्या ताटाशेजारी बसून जेवला तेव्हा त्याला माहीत होतं. टायर बघायला वाकला तेव्हाही. बॅगेवर बसून विचारलं तेव्हाही. मी काय लिहिलं होतं ते त्याला शब्दन् शब्द माहीत होतं, आणि तोंड बंद ठेव असं कोणी सांगितलं होतं तेही. तरी तो वाकला. मला सोडवायला वाकला की मला तिथेच गाडायला, ते मला कळत नाही. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. पन्नाशीच्या माणसाला ऑफिसच्या बाथरूममध्ये रडताना फार आवाज होतो.

१७ मे, शनिवार

सकाळी मृदुलाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "मला तो डबा आला तेव्हापासून माहीत आहे. मी चारुताला फोन करून विचारलं होतं." मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? माझं काय गेलंय त्यात?"

मग फोन केला. तिकडे दुपार होती. तिसऱ्या रिंगला यतीननेच उचलला.

"बोला सर."

मागे कुकरची शिट्टी झाली. भार्गवी कोणाशी तरी भांडत होती, डचमध्येच, आणि समोरचं पोर मराठीत. मग त्याने दार लावून घेतल्याचा आवाज आला, मागचं सगळं शांत झालं.

"बोला सर," तो पुन्हा म्हणाला. "मी ऐकतोय."

"पुण्यात," मी म्हटलं, "उकाडा फार वाढलाय म्हणतात."

"हो," यतीन म्हणाला. "वाढलाय."

मग त्याने ठेवू का विचारलं, आणि मी हो म्हटलं.